ओलेतं

तहसील कचेरीच्या नकला विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर करायला काय उरतं? कमलाकररावांना विचाराल तर ते म्हणतील, पुष्कळ उरतं. आणि मग काय ते सांगता न आल्यामुळे चष्मा पुसायला घेतील. बाभुळगावात त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या कडेला रस्त्यालगत नळ. पद्मजाबाई होत्या तोवर त्या अंगणात दिवसभर कोणी ना कोणी टेकलेलं असायचं. गेल्या वर्षीच्या माघात त्या गेल्या. तेरवी झाली, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या आणि माणसंही त्यांच्यासोबतच गेली. लोक वाईट नव्हते. ते पद्मजाबाईंकडे येत होते, एवढंच. आपल्याकडे कधी कोणी आलंच नव्हतं, हे कळायला कमलाकररावांना सहासष्ट वर्षं लागली.

अशा घरात चैत्र लागता लागता चार वर्षांची स्पृहा राहायला आली.

स्पृहा म्हणजे त्यांच्या साकेतची मुलगी, पुण्याची. साकेत आणि त्याची बायको सुरभी दोघंही नोकरीवाले. पोरीला चौथ्या महिन्यापासून इसब. आपल्याकडे एखाद्याच्या घोट्यावर चट्टा येतो आणि तो माणूस तो खाजवत आरामात चाळीस वर्षं काढतो, तसलं इसब नव्हे. कोपरांच्या लवणी, गुडघ्यांच्या मागे, मान, मनगटं, गाल, सगळं लाल, खरबरीत आणि जागोजागी चिरलेलं. झोपेतसुद्धा तिची नखं चालू असायची. बालवाडीच्या बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं की पूर्ण बरी झाली की आणा, बाकीचे पालक विचारतात. सांभाळायला ठेवलेली बाई तिसऱ्या दिवशी काम सोडून गेली. जूनमध्ये मोठ्या शाळेत नाव घालायचं होतं, आणि तोवर अंग साफ झालं नाही तर याही वर्षी पोर चार भिंतींत. सुरभीने फोनवर रडायला सुरुवात केली तेव्हा कमलाकरराव म्हणाले, “आणून दे इकडे. मले काय काम आहे?”

सुरभी आली, दोन दिवस राहिली, यवतमाळच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना पोर दाखवली आणि रजा संपली म्हणून परत गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सांगणं पक्कं होतं. “हे पसरत नाही. हिला हात लावून कोणालाही काही होत नाही, हे आधी डोक्यात बसवा,” त्या म्हणाल्या. रोज कोमट पाण्याने दहा मिनिटं आंघोळ. पाणी नुसतं टिपायचं, घासायचं नाही. लाल चट्ट्यांवर औषधाचं मलम, तेही मापात: आपल्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढायची, ती आपल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भिऊन कमी लावायचं नाही, घाई आहे म्हणून जास्त थापायचं नाही. बाकी अंगाला साधं चोपडं मलम सढळ हाताने. “आणि त्यावर ओले कपडे. जुने, मऊ, पांढरे सुती. कोमट पाण्यात बुडवून, पिळून अंगात घालायचे. वरून कोरडा सदरा. दुपारचे दोन तास, चौदा दिवस. मध्ये पू दिसला किंवा ताप आला तर थांबायचं आणि मला फोन करायचा.”

“म्हणजे ओलेतं?” कमलाकररावांनी विचारलं.

“हो, ओले,” डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. पण ओले कपडे वेगळे आणि ओलेतं वेगळं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. नदीवर अग्नी देणारा ओलेत्याने उभा राहतो. दूर गावी भाऊबंद गेल्याची खबर आली की घरातला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतो. एरवी ओल्या कपड्याने घरात फिरणाऱ्या पोरावर आया खेकसतात ते काही सर्दी होईल म्हणूनच नव्हे. कमलाकररावांनी गेल्या वर्षी माघातल्या थंडीत ओलं धोतर नेसून पद्मजाबाईंभोवती फेरे घातले होते. ते शिकलेले होते, पेपर वाचत होते, दोनदा रक्तदान केलं होतं. तरी हसत्याखेळत्या पोरीच्या अंगावर ओलं पांढरं चढवायचं म्हटलं की त्यांचे हात पुढे होईनात.

पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं मलम लावलं, आणि संध्याकाळी सुरभीला फोनवर सांगितलं, “हो हो, घातले होते ओले कपडे.” आयुष्यभर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असा शिक्का मारलेल्या माणसाने सुनेला धडधडीत खोटं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पेपर घेऊन पडले आणि पाच मिनिटं डोळा लागला. जागे होऊन पाहतात तो स्पृहा भिंतीला टेकून बसलेली, गुडघ्यामागून रक्त निघून फरशीवर थेंब पडलेले, आणि पोर ते थेंब फ्रॉकने पुसत होती. “मी पुसलं, आबाजी,” ती घाईघाईने म्हणाली. कमलाकररावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, ठेवणीतलं मऊ धोतर काढलं, कात्रीने फाडलं आणि तासभर सुईदोरा घेऊन वेडीवाकडी दोन झबली आणि दोन विजारी शिवल्या.

आता पोरगी ऐकेना. ओलं गार लागतं म्हणून ती पलंगाखाली शिरली आणि तिथून फर्मान निघालं, “आधी तू घाल!”

मग काय करता? कमलाकररावांनी स्वतःचा बनियन आणि पंचा बादलीत बुडवला, पिळला आणि अंगावर चढवला. पलंगाखालून एक डोळा दिसला, मग दुसरा. तिने आजोबांना नीट तपासलं आणि हात वर करून उभी राहिली. तेव्हापासून घरात तोच नियम पडला. आबाजींनी आधी करायचं, मग स्पृहाने त्याची नक्कल करायची. आधी आबाजींनी बोटावर रेघ काढून स्वतःच्या कोपराला चोपडं मलम लावायचं, मग तिच्या. आधी आबाजींनी नखं कापायची, मग तिने. नकला विभाग पुन्हा सुरू झाला म्हणायचा.

डोक्यात खपल्या धरल्या होत्या म्हणून केस बारीक करायचे होते. नियमाप्रमाणे कमलाकरराव आधी खुर्चीवर बसले आणि उन्हाळाच आहे म्हणून पूर्ण चकोट करवून घेतलं. सलून विक्कीचं. विक्की पोरगा गुणी, पद्मजाबाईंच्या हातची शंकरपाळी खाऊन मोठा झालेला. पण स्पृहा खुर्चीवर चढायला लागली तसा त्याने मशीन गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

“काका, राग नोका मानू. हेच मशीन बाकीच्यांले लागते,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“हे लागण होत नाही रे विक्की. डॉक्टरने सांगितलं.”

“हाव न काका. मले समजते. पन गिऱ्हाइकाले कसं समजवू?”

गुळगुळीत डोक्याने कमलाकरराव नातीला घेऊन घरी आले आणि पुढचं काम त्यांनी शिवणाच्या कात्रीने उरकलं. डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं. पोरीला मात्र ते भारी आवडलं.

समोरच्या रुखमाबाई या सगळ्यावर दारातून नजर ठेवून होत्या. त्यांचा नातू सोनू पाच वर्षांचा. पहिल्या दिवशी तो चेंडू घेऊन अंगणात आला होता. रुखमाबाईंनी रस्त्यापलीकडूनच अशी हाक मारली की चेंडू तिथेच टाकून पळाला. “खरूज हाय ते, भाऊ. माह्या माहेरी घरच्या घर खाजवत होतं,” त्यांनी नंतर समजावून सांगितलं. कमलाकररावांनी डॉक्टरचा कागद दाखवला. रुखमाबाईंनी तो हातात न घेता लांबूनच पाहिला आणि मान डोलावली. कागद पाहून त्यांचं मत बदललं असतं तर त्या रुखमाबाई कसल्या!

दुपारचे ते दोन तास दोघं ओल्या कपड्यांत फरशीवर बसत. कुलर बंद, पडदे ओढलेले, बाहेर ऊन रणरणत असे. कमलाकरराव तिला फेरफार आणि सातबाऱ्याच्या गोष्टी सांगत, कारण दुसऱ्या त्यांना येत नव्हत्या. ती ऐकायची, मध्येच “मले नाही, मला म्हण” असं सुधारायची, आणि रस्त्यावर कोणाच्या चपला वाजल्या की बोलणं सोडून दाराकडे बघायची. पाचव्या दिवशी तिने झोपेत पहिल्यांदा नखं चालवली नाहीत. सातव्या दिवशी कोपरांच्या लवणी फिकट झाल्या. आठव्या दिवशी मानेवर खरी कातडी दिसली, मऊ, दुसऱ्या कोणत्याही लेकराची असते तशी. कमलाकररावांनी त्यावर गाल टेकला आणि त्यांना रडू आलं.

आनंद होताच, पण दाखवणार कोणाला? ते आता दुसरंच काही मनात धरून बसले होते. औषधाने पोर बरी होणार हे दिसत होतं. बरी झाली की ती जाणार हेही दिसत होतं, आणि ती जावी म्हणूनच तर हे चाललं होतं. पण जाण्याआधी या पोरीला आपल्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी एकदा उचलून घ्यावं, असं त्यांना फार वाटे. आई, बाप, आजोबा आणि पद्मजाबाई सोडल्या तर तिला आजवर कोणी कडेवर घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी घेतलं असेल तर हातमोजे घालून. दूधवाला आला की कमलाकरराव आवाज चढवून म्हणत, “बरी होऊन राह्यली बरं का आमची पोरगी!” म्हणजे समोर ऐकू जावं. समोरून काही उत्तर येत नसे.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी ओला बनियन आणि पंचा अंगावर घेतला, स्पृहाला ओलं झबलं घातलं, आणि वरचा कोरडा सदरा चढवणार तोच रस्त्यावर ओरडा झाला, “नळ आले, नळ आले!” बाभुळगावचा नळ चैत्रात येतो तेव्हा माणसाने जेवत असेल तर तसंच उठायचं असतं. आज तो चौथ्या दिवशी आला होता आणि वीस मिनिटांत जाणार होता. कमलाकरराव होते तसे पाण्याचा गुंड घेऊन नळावर धावले. मागोमाग स्पृहा पेला घेऊन. समोरच्या दारात रुखमाबाई उभ्याच होत्या.

कमलाकररावांनी त्यांच्याकडे बघून हात हलवला. रुखमाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, खाली मान घातली आणि दार लोटून घेतलं.

त्यांच्या मनात काय आलं ते कमलाकररावांना फार उशिरा कळलं. आपण तोवर थांबायचं कारण नाही. रुखमाबाईंना जे दिसलं ते असं: डोकं चकोट केलेला पुरुषमाणूस, अंगावर पांढरं ओलेतं, ऐन दुपारी, बाजूला केस कातरलेलं लेकरू, तेही ओलेत्याने. दूरची खबर आली आणि घरच्यांनी पाणी घेतलं, याहून वेगळं काय असणार? आणि ओलेत्यातल्या माणसाला ‘कोण गेलं’ म्हणून रस्त्यावर कोणी विचारत नाही. नाही विचारलं तरी रुखमाबाईंना कळायचं ते कळलं. मागच्या दाराने त्या शेजारी गेल्या.

“कमलाकरभाऊची सून गेली वो, पुन्याले,” त्या म्हणाल्या. “मी म्हनतच होती, चार वर्साचं लेकरू मायबिगर इथं काहून आनून टाकलं. बिमारच असन ते. आता समजलं.”

साडेचारच्या सुमारास कमलाकरराव पायजमा-सदरा घालून चहाचं आधण ठेवत होते तेव्हा अंगणात चपला वाजल्या. एक नाही, पुष्कळ. बाहेर येऊन पाहतात तर रुखमाबाई, त्यांच्या दोन्ही जावा, पलीकडच्या चंदाबाई, किराणावाले, विक्की दुकान बंद करून आलेला, आणखी पाचसात जण. पुरुष ओट्याच्या पायऱ्यांवर टेकले, बाया पुढच्या खोलीत फरशीवरच बसल्या. रुखमाबाईंनी एक डबा ओट्याशी ठेवला. चौदा महिन्यांत त्या घरात एवढी माणसं आली नव्हती.

कमलाकररावांना वाटलं, दूधवाल्याला सांगितलेलं समोर पोचलं! पोर बरी होतेय हे कळलं आणि लोक बघायला आले. त्यांचा ऊर असा भरून आला की दोन मिनिटं त्यांना बोलता येईना. न बोललेलंच योग्य होतं. मौतीच्या घरी माणूस एवढंच बोलतो.

“बसा, बसा सगळे. चहा टाकतो,” शेवटी ते म्हणाले.

“नोको भाऊ. चहा कायले आता?” चंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

ते त्यांना लागलं. म्हणजे पाहायला आले, पण घरचा चहा नको. असू दे. आले तर खरे. ते दाराशी बसले.

“फार सोसलं हो तिनं,” ते म्हणाले. “रक्त निघायचं. पाहवत नव्हतं.”

“रक्ताचीच बिमारी होती म्हन्ता?” किराणावाल्यांनी हळूच विचारलं.

“आता काय सांगू. जन्माचा तरास. पण नऊ दिवसांत सुटली पाहा.”

“सुटली बिचारी,” रुखमाबाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला.

या आवाजाने स्पृहा आतून धावत आली. एवढी माणसं पाहून ती दारातच थांबली. तिने आबाजींकडे पाहिलं, मग बायांकडे, आणि कोणी हाकलत नाही असं पाहून दोन पावलं पुढे आली. झालं! रुखमाबाईंनी दोन्ही हात पसरले, पोरीला ओढलं आणि छातीशी कवटाळलं. “माय वं माय, कोनाच्या भरोशावर सोडून गेली वं लेकराले! आता कोन करन इचं!” त्या तिच्या गालांचे मुके घेत होत्या, कातरलेल्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, चोपडं मलम त्यांच्या पदराला, हातांना, हनुवटीला लागत होतं, आणि त्यांना कशाचंही भान नव्हतं. रुखमाबाईंकडून चंदाबाईंनी घेतली. चंदाबाईंकडून एका जावेने. विक्की ओट्यावरून उठून आत आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

स्पृहा आधी भांबावली. मग तिच्या लक्षात आलं की ही सगळी माणसं तिला घ्यायला रांगेत आहेत. ती ज्या मांडीवर जाईल तिथे निवांत पाय पसरून बसू लागली. एका बाईच्या बांगड्या तिने मोजल्या. रुखमाबाईंचा डबा कोणीतरी उघडून दिला, त्यातली पिठलं-भाकर चंदाबाईंनी तिला घास घास भरवली, आणि एरवी अर्ध्या पोळीला तास लावणारी पोरगी सगळी भाकर संपवत आली.

कमलाकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचेना. आपल्याला जे हवं होतं ते एकदाच नाही, दहा वेळा होत होतं. त्यांना रडताना पाहून बायांनी आणखी सूर लावला. सगळं घर मन भरून रडत होतं आणि कोणी कशासाठी रडतंय हे कोणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. या वेळेला रोज येणारा, पुण्याचा व्हिडिओ कॉल. स्पृहाने मांडीवरून उडी मारली, सराईतपणे हिरवं बटण दाबलं आणि फोन सगळ्यांकडे वळवून धरला.

“आई! बघ किती लोक आलेत माझ्याकडे!”

पडद्यावर सुरभी होती, ऑफिसचं कार्ड गळ्यात, हातात पाण्याची बाटली. “अरे वा! बाबा, काही कार्यक्रम आहे का आज?” ती म्हणाली.

चंदाबाईंच्या हातातला शेवटचा घास तसाच राहिला. रुखमाबाईंनी पडद्याकडे पाहिलं, कमलाकररावांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“मंग गेलं कोन?” त्यांनी विचारलं.

“कोण गेलं? कोणीच नाही गेलं,” कमलाकरराव म्हणाले.

“मंग तुमी भरदुपारी ओलेत्यानं नळावर कायले उभे होते? डोक्शाचा चकोट करून?”

उलगडायला फार वेळ लागला नाही. सुरभीला काही कळेना, तिला “नंतर करतो” म्हणून कमलाकररावांनी फोन बंद केला, आणि बादली, पंचा, झबलं, डॉक्टरचा कागद, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आधी विक्कीला हसू फुटलं. मग किराणावाल्यांना. मग चंदाबाई पदर तोंडात धरून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. कमलाकररावही हसले. पद्मजा असती तर आठवडाभर हेच सांगत बसली असती, त्यांच्या मनात आलं. हसू ओसरलं तसे ते उठले.

“आता तरी चहा घ्याल ना? आता काय हरकत आहे? आधण ठेवलेलंच आहे.”

किराणावाले चपला शोधू लागले. चंदाबाईंना गाईची धार काढायची आठवण झाली. स्पृहा पुन्हा रुखमाबाईंच्या मांडीवर जाऊन बसली होती. रुखमाबाईंनी आपले तळहात पाहिले, पदरावरचे तेलकट डाग पाहिले, आणि पोरीच्या काखांत हात घालून तिला, नेटकेपणाने, फरशीवर उतरवून ठेवलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. विक्कीने जाताना हात पाठीमागे बांधले होते.

मौतीच्या घरून निघताना माणूस ‘येतो’ म्हणत नाही. पुन्हा अशा कामाला यायची पाळी नको, म्हणून नुसतंच उठून जायचं असतं. या घरी कोणी मेलेलं नव्हतं, हे आता सगळ्यांना माहीत होतं. तरीही एकेक जण उठला, फाटकाबाहेर पडला, आणि एकानेही ‘येतो’ म्हटलं नाही. कमलाकरराव शेवटपर्यंत फाटकाशी उभे राहून वाट पाहत होते.

थोड्या वेळाने समोरच्या न्हाणीत पाणी ओतल्याचे आवाज आले. तांब्यामागून तांब्या, बराच वेळ. मौतीहून आलं की आंघोळ करतात हे खरं. पण रुखमाबाई कोणाच्या मौतीहून आल्या होत्या? कमलाकररावांनी दार लावून घेतलं, तरी तो आवाज आत येत राहिला.

ओट्यावर पडलेला रिकामा डबा त्यांनी धुतला. उकळून काळं झालेलं चहाचं आधण फेकून दिलं. मग संध्याकाळचं चोपडं मलम लावायला बसले. नियमाप्रमाणे आधी स्वतःच्या कोपराला लावलं आणि मग पोरीला समोर घेतलं. तिची कातडी सकाळपेक्षाही बरी दिसत होती.

“आबाजी, एवढे लोक का आले होते?”

खोटं सांगायचं नाही असं त्यांनी सहा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. “त्यांना वाटलं, आपल्याकडचं कोणीतरी मेलं.”

“मग परत का गेले?”

“कोणी मेलं नव्हतं, म्हणून.”

स्पृहाने दुसरा हात पुढे केला. त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत मलम लावलं.

“आबाजी, उद्या कोण मरणार आहे?”

“कोणी नाही, बेटा.”

“कोणीच नाही?” तिचा चेहरा पडला. मग तिने आजोबांचं बोट धरून विचारलं, “आणि परवा?”